लेस्टरचा सूर्यास्त

यवतमाळला डिसेंबरातही सूर्य साडेपाचनंतर मावळतो. दुकान मुनीमजींवर सोपवून घरी जेवून यावे व पुन्हा गल्ल्यावर बसावे, इतका माझा चौविहार सोपा होता.

गेल्या हिवाळ्यात मुलाकडे इंग्लंडमध्ये लेस्टर येथे गेलो. तेथे चारच्या आतच सूर्यास्त होई. आम्ही घरी तीनलाच जेवत असू. सूनबाई मात्र कचेरीतून साडेपाचला परते. ती केव्हा जेवते, हे मी कधी विचारले नाही. मनात निकाल मात्र देऊन टाकला.

एका रविवारी जुन्या चर्चच्या वास्तूत १९८८ साली प्रतिष्ठा झालेल्या तेथील जिनमंदिरातून आम्ही परतलो. तीन वाजता तिच्या फोनचा गजर वाजला. ती म्हणाली, "बाबा, कचेरीत रोज याच गजरावर डबा उघडते. सूर्य सरकला की वेळ बदलते. जूनमध्ये तो साडेनऊला मावळतो. तेव्हा उलट फार सोपे!"

मी खाली मान घातली. माझा नियम गावाच्या सूर्याने सांभाळला होता. तिचा तिने स्वतः. दुसऱ्या दिवशी तिच्या डब्यात मी यवतमाळहून आणलेली जवसाची चटणी घातली.