विस्बीची पिंपं आणि वेशीबाहेरचे शेतकरी

मंगळवार, स्टॉकहोम

राष्ट्रीय कला संग्रहालयातलं हे चित्र तीन मीटरांहून रुंद आहे. तरी ते पाहायला आलेली प्रवासिनी आधी अगदी जवळ गेली, पिंपांपाशी. कार्ल गुस्ताफ हेल्कविस्टने १८८२ मध्ये रंगवलेला हा प्रसंग १३६१ मधला. डेन्मार्कचा राजा चौथा वाल्डेमार विस्बीच्या चौकात उच्चासनावर बसला आहे आणि शहरातली माणसं घरातली चांदी आणून पिंपांत रिकामी करताहेत. गर्दीत तान्हं मूल छातीशी धरलेली एक आई दिसते, तिच्यावरून नजर हलत नाही.

बिअरची तीन पिंपं तीन दिवसांत सोन्याचांदीने भरा, नाहीतर शहर लुटतो, अशी राजाची धमकी. पिंपं म्हणे पहिल्याच संध्याकाळच्या आत भरली. ही आख्यायिका; चित्रकाराने ती इतक्या ताकदीने रंगवली आहे की ती खरीच वाटते.

बुधवार, विस्बी

न्यूनेसहाम्नहून बोटीने गॉटलंड बेट. शहराचा साडेतीन किलोमीटरांचा तट अजून जवळपास अखंड उभा आहे.

गुरुवार

तटाबाहेर, थोडं चालून गेलं की दगडी क्रूस लागतो. २७ जुलै १३६१ रोजी बेटावरचे शेतकरी इथे डॅनिश सैन्यासमोर उभे राहिले. सुमारे १,८०० जण पडले, असं मानतात. शहराचे दरवाजे बंदच होते. शहर आणि खेडी यांचं वैर जुनं, १२८८ मध्ये तर त्यांच्यात यादवी युद्धच झालं होतं.

१९०५ पासून इथल्या सामूहिक कबरी उकरल्या गेल्या. विस्बीच्या संग्रहालयातल्या एका कवटीवर लोखंडी कड्यांचं शिरस्त्राण गंजून घट्ट बसलं आहे. मृतांत कोवळी पोरं होती, म्हातारे होते. कित्येकांच्या नडग्यांवर वार आहेत.

विस्बीने २९ जुलैला शरणागती पत्करली आणि वाल्डेमारने शहराचे जुने हक्क कायम ठेवले. व्यापाऱ्यांची चांदी गेली असेलही, पण व्यापार राहिला. एवढ्या मोठ्या चित्रात या शेतकऱ्यांना जागा नाही, याचा तिला मनापासून राग आला. आख्यायिकेतली पिंपं चौकात भरली, पण विस्बीची खरी किंमत वेशीबाहेर चुकती झाली होती.

शुक्रवार, मेस्टरबी

विस्बीच्या लढाईआधी डॅनिश फौजेला शेतकऱ्यांनी इथेही अडवलं होतं. २००६ पासूनच्या शोधकामात शेतांतून यांत्रिक धनुष्याच्या बाणांची टोकं निघाली. वाटेत चौकशी करत ती लढाई झालेल्या पुलाच्या जागेकडे निघाली.