चाकांवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्या भाषेत एक म्हण आहे. ज्याला एका जागी स्थिर होता येत नाही, आज या गावी तर उद्या त्या गावी ज्याचा संसार हलत असतो, त्याच्याविषयी आपण ती थोड्याशा कीवेने वापरतो. बदलीच्या नोकरीतील माणसाने ती स्वतःविषयी उच्चारावी आणि ऐकणाऱ्याने ‘चालायचेच’ म्हणून त्याचे समाधान करावे, असा तिचा रिवाज. परंतु असे बिऱ्हाड पाठीवर घेणे हीच ज्यांच्या आयुष्यातील मोठी हौस आहे, अशी माणसेही या जगात पुष्कळ आहेत, हे आम्हांस सत्तरीच्या उंबरठ्यावर, इंग्लंडात कळले.

‘आम्ही’ हे येथे निबंधकाराचे भारदस्त ‘आम्ही’ नव्हे. आम्ही म्हणजे आम्ही उभयता. या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला एक शिक्षक आणि त्याची पत्नी. २०२० सालच्या जानेवारीत लेकीकडे शेफील्ड येथे जावे, चार महिने नातवंडांत घालवावे आणि पाऊस लागण्यापूर्वी बेळगावास परतावे, असा बेत करून आम्ही निघालो. ११ मार्च रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची साथ जगद्व्यापी असल्याचे सांगितले. मार्च सरण्यापूर्वीच भारताकडे जाणारी प्रवासी विमाने बंद झाली, आणि पाहुणे म्हणून गेलेले आम्ही बिनमुदतीचे मुक्कामकरी झालो.

लेकीच्या शेजारी एक वृद्ध जोडपे राहत असे. गृहस्थ पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, वय ७६. बाई ७४ वर्षांच्या. त्यांच्या अंगणात चाकांवरची एक पांढरीशुभ्र खोली उभी असे. तिला तिकडे कॅरॅव्हॅन म्हणतात. तिला स्वतःचे इंजिन नसते. मोटारीच्या मागे जोडून ती ओढून न्यावयाची. आत समोरासमोर दोन बाके, रात्री त्यांचाच पलंग होतो. गॅसची शेगडी, लहानसा फ्रिज, हात धुण्याचे भांडे आणि एका कोपऱ्यात शौचकूप. बाहेर ठेवलेल्या पिंपातून पंपाने पाणी आत येते आणि वापरलेले पाणी दुसऱ्या पिंपात जाते. शौचकुपाची पेटी मात्र तळावरील ठरलेल्या जागी आपल्याच हाताने रिकामी करावी लागते. ऐन सुट्टीत ज्या देशातील साहेबलोक हे काम आनंदाने करतात, त्या देशाविषयीचा आमचा आदर ते ऐकून दुणावला.

या हौसेच्या मुळाशी एक डॉक्टर आहे, ही गोष्ट आम्हांस मौजेची वाटली. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे आरमारातील वैद्य आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक. त्यांनी १८८५ साली ब्रिस्टल येथील एका वाघिणीच्या कारखान्यात आपल्यासाठी ‘वाँडरर’ नावाची लाकडी गाडी बांधवून घेतली आणि दोन घोडे जुंपून ते दक्षिण इंग्लंडातून थेट स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसपर्यंत गेले. केवळ सहलीसाठी बांधलेली ती पहिली कॅरॅव्हॅन मानतात. पुढे १९०७ साली अशा हौशी मंडळींचा एक क्लबही निघाला. मोकळी हवा हे औषध आहे, हा विचार या वाहनाच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेला आहे.

पण २०२० साली ते औषध घ्यावे की न घ्यावे, हाच प्रश्न पडला. १६ मार्च रोजी तेथील सरकारने लोकांना अनावश्यक भेटीगाठी टाळण्यास सांगितले. सत्तरी ओलांडलेल्यांनी तर विशेष जपावे, असे बजावले. २३ मार्चपासून सर्वांनाच घरी बसण्याचा हुकूम झाला. कॅरॅव्हॅनचे तळ बंद पडले. शेजारचे गृहस्थ रोज सकाळी चहाचा पेला घेऊन अंगणातल्या त्या उभ्या गाडीत जाऊन बसत आणि खिडकीतून समोरच्या भिंतीकडे पाहत. कुंपणाच्या या बाजूने, दोन मीटरांचे अंतर राखून, आमचे त्यांच्याशी बोलणे होई. एकदा त्यांनी गाडीच्या टायरांकडे बोट दाखविले. कॅरॅव्हॅनचे टायर झिजून क्वचितच निकामी होतात, ते म्हणाले. ती फार चालत नाही. ते उभ्या-उभ्याच जुने होतात आणि कडेला तडकतात. वरून नक्षी नवी दिसली, तरी पाच-सात वर्षांत ते बदलावेच लागतात. एवढे बोलून ते थांबले. त्यांचा पेला धरलेला हात कापत होता. त्यांस कंपवात जडला होता, आणि त्या आजारापायी मोटार चालविण्याचा परवाना त्यांना एकाच वर्षापुरता मिळाला होता.

४ जुलै रोजी इंग्लंडातील तळ पुन्हा उघडले, आणि त्या घरात वाद सुरू झाला. गृहस्थांचे म्हणणे असे, की कॅरॅव्हॅन म्हणजे घरच. अंथरूण आपले, भांडी आपली, शौचकूप आपले. हॉटेलात शंभर हात लागलेली कडी उघडावी लागते. येथे दाराला लागेल तो हात आपलाच. आगीच्या भयाने तळावर दोन गाड्यांत सहा मीटरांचे अंतर पूर्वीपासूनच राखीत आले आहेत. सरकार तर दोनच मीटर मागते!

बाईंचे म्हणणे त्याहून खोल होते. त्यांना दम्याचा विकार होता. तरी त्या आपल्यापुरत्या बोलत नव्हत्या. तीस वर्षे ते दोघे दर सप्टेंबरात कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर जात. हे अंतर पाचशे किलोमीटरांहून अधिक. वाटेत पेट्रोल भरावे लागणार. तळावरचा पाण्याचा नळ सामाईक. गाडी बिघडली तर दुरुस्तीसाठी कोणीतरी परका माणूस येणार. आणि सगळ्यांत मोठी अडचण ही, की त्या अख्ख्या कॉर्नवॉलला तातडीच्या उपचारांचे मोठे रुग्णालय ट्रुरो येथे एकच. वसंतात तिकडच्या काही गावकऱ्यांनी ‘कृपा करून येऊ नका’ अशा पाट्या रस्त्याकडेला लावल्या होत्या. आपण आजारी पडलो तर तेथल्या माणसाची खाट अडवू, आणि लक्षणे नसताना आजार घेऊन गेलो तर तो तेथे ठेवून येऊ. मग ती सुट्टी कसली, असे त्या विचारीत.

हे ऐकताना आम्हांस आमच्या आजीच्या गोष्टी आठवल्या. १८९६ साली मुंबईस प्लेग आला आणि पुढे वर्षानुवर्षे तो आपल्या मुलखातील गावोगावी फिरत राहिला. उंदीर पडू लागले की माणसे घरांना कुलपे घालून गावाबाहेर माळावर झोपड्या बांधून राहत. त्यात मोठे शहाणपण होते. कारण प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरे. रोगाचे बीज घरात होते, म्हणून घर सोडले की माणूस वाचे. करोनाचे बीज माणसाच्या श्वासात होते. म्हणून घर सोडणारा ते बरोबर घेऊनच निघे. माळावरच्या झोपडीसारखीच दिसणारी ही कॅरॅव्हॅन, पण हिचा न्याय अगदी निराळा.

शेफील्डपासून वीसेक किलोमीटरांवर डर्बीशायरच्या डोंगरांत ईम नावाचे एक खेडे आहे. जुलैच्या अखेरीस जावयांनी आम्हांस तेथे नेले. १६६५ साली लंडनहून आलेल्या कापडाबरोबर त्या गावात प्लेग शिरला, असे सांगतात. पुढच्या वर्षी रोग बळावला तेव्हा गावकऱ्यांनी आपल्या धर्मोपदेशकांचे ऐकून गावाची सीमा स्वतःवरच बंद करून घेतली. शेजारच्या गावचे लोक सीमेवरच्या दगडापाशी धान्य ठेवीत आणि दगडातील खळग्यांत व्हिनेगर घालून ठेवलेली नाणी उचलून नेत. सुमारे २६० माणसे त्या गावी दगावली. तो खळग्यांचा दगड पाहून परतल्यावर आम्ही बाईंना कुंपणापाशी ती हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, “ती मला शाळेपासून ठाऊक आहे. म्हणून तर भांडते आहे.”

आमच्या घरीही तोच प्रश्न निराळ्या रूपाने आला. ऑगस्टात इंजिनासह असलेली एक मोठी गाडी भाड्याने घ्यावी आणि सगळ्यांनी मिळून स्कॉटलंडकडे आठ दिवस फिरून यावे, असे लेकीने सुचविले. “आई, बाबा, तुम्ही सहा महिने एका खिडकीतून बाहेर बघताय. पुन्हा इकडे कधी येणार तुम्ही?” असे ती म्हणाली, आणि तिच्या म्हणण्यात काही खोटे नव्हते. भूगोलाच्या शिक्षकाने आयुष्यभर फळ्यावर काढलेली ती सरोवरे आणि तो दंतुर किनारा आठ तासांच्या वाटेवर होता. परंतु आम्हांपैकी एकास मधुमेह, दुसऱ्यास रक्तदाब. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यखात्याने जूनमध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे म्हटले होते, की रोगनिदान झालेल्यांमध्ये चाळिशीच्या आतील माणसापेक्षा ऐंशी व त्यापुढील माणसाच्या मृत्यूची शक्यता ७० पट. आम्ही त्या दोन टोकांच्या मध्ये, पण वरच्या टोकाकडे सरकत चाललेले.

रात्रभर विचार करून आमच्यातील गृहिणीने जो निवाडा दिला, तो आम्हां दोघांचाही झाला. ती म्हणाली, “अहो, जोखीम ही पेन्शनसारखी आहे. ठरलेली रक्कम. ती सगळीकडे थोडी थोडी उधळली, तर जेथे खरोखर हवी तेथे पुरत नाही. मला स्कॉटलंड पाहायचे नाही. मला आईला पाहायचे आहे.” तिची आई तेव्हा ९३ वर्षांची होती, बेळगावच्या घरी ती रोज फोनवर एकच प्रश्न विचारी. भारत सरकारने ७ मेपासून ‘वंदे भारत’ मोहिमेखाली परदेशी अडकलेल्यांना आणणारी विमाने सुरू केली होती. त्या विमानात दहा तास शेकडो माणसांबरोबर बसणे हा कॅरॅव्हॅनच्या सहलीपेक्षा कितीतरी मोठा धोका होता. तो आम्ही पत्करला, आणि त्याच्यासाठीच लहान धोका नाकारला.

शेजाऱ्यांनीही अखेर आपला हिशेब मांडला. ते सहलीस गेले. मात्र कॉर्नवॉलला नव्हे. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर फाइली म्हणून गाव आहे, सुमारे दीडशे किलोमीटरांवर. एका टाकीत जाऊन येता येते, आणि स्कारबरोचे रुग्णालय तेथून जवळ. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, शाळा उघडून गर्दी ओसरल्यावर, सहा दिवसांचे सामान घरून भरून ते निघाले. निघण्यापूर्वी दहा दिवस ते कोणासही भेटले नाहीत. एकासही कसर वाटली तर त्याच दिवशी परतावयाचे, असे ठरले होते. मोटार बाईंनी शिकून घ्यावी की नाही, यावर मात्र शेवटपर्यंत एकमत झाले नाही. परतल्यावर गृहस्थ एवढेच म्हणाले, की तो समुद्र थंड आहे, पण समुद्र आहे.

ते सुखरूप परतले, म्हणून त्यांचा निर्णय बरोबर ठरला, असे आम्ही म्हणणार नाही. बेफिकीर माणसेही त्या वर्षी सुखरूप परतली आणि जिवाला जपणारी कितीतरी माणसे घरच्या घरी दगावली. निर्णयाची पारख परिणामावरून करू नये. तो घेताना कोणकोणाचा विचार केला, यावरून करावी. त्याच जुलैच्या प्रारंभी आपल्याकडे आषाढीची पायी वारी झाली नाही. आळंदी-देहूच्या पादुका ३० जून रोजी एस.टी.च्या बसमधून पंढरीस गेल्या, आणि वर्षानुवर्षे चालत जाणारे वृद्ध वारकरी घरी राहिले. त्यांची वारी चुकली असे कोण म्हणेल?

आम्ही सप्टेंबरच्या अखेरीस बेंगळुरूस उतरलो, विलगीकरणाचे दिवस पुरे केले आणि बेळगावच्या घराच्या अंगणात, ओसरीपासून दूर उभे राहून आईंना नमस्कार केला. पुढे २०२२ साली त्या निवर्तल्या. तिकडे २४ ऑक्टोबरपासून दक्षिण यॉर्कशायरवर कडक निर्बंध आले, नोव्हेंबरात सारा देश पुन्हा बंद झाला. ८ डिसेंबर रोजी कव्हेंट्री येथे ९० वर्षांच्या एका आजींना चाचण्यांबाहेरची पहिली लस टोचली गेली, आणि १२ एप्रिल २०२१ रोजी कॅरॅव्हॅनचे तळ उघडले. सगळे परत आले. गृहस्थांचा परवाना तेवढा परत आला नाही. त्या उन्हाळ्यात ती पांढरी गाडी दोन लहान मुले असलेल्या एका कुटुंबाने विकत घेतली. नवे टायर गृहस्थांनी स्वतःच्या खर्चाने बसवून दिले, असे लेकीने कळविले.

विद्यार्थी मित्रहो, ‘पुढच्या वर्षी जाऊ’ हे वाक्य तुमच्या तोंडी आणि तुमच्या आजोबांच्या तोंडी एकच दिसते. परंतु त्याचे मोल एक नाही. तुमच्यापाशी पुढची वर्षे पुष्कळ आहेत. त्यांना ती मोजून मिळतात. म्हणून घरात अशी वेळ आली, तर वृद्धांच्या वतीने तुम्ही भीऊ नका आणि त्यांच्या वतीने धाडसही करू नका. धोका किती, तो कोणाकोणास, आणि शेजाऱ्याच्या वाट्यास त्यातला किती, एवढे त्यांच्यापुढे नीट मांडा. मग त्यांना सर्वांत प्रिय काय आहे, ते विचारा. उत्तर समुद्र असेल, आई असेल, पंढरी असेल, नाहीतर नुसती आपली खिडकी असेल. ते त्यांना ठरवू द्या.