हंगामाआधीचा नाताळ

आमच्या घरी नाताळ कोणत्या तारखेला येणार, हे गेली चार वर्षे मुंबईत ठरते. ठरवणारी मंत्र्यांची समिती असते, आणि आपण नाताळ ठरवीत आहोत याचा तिला पत्ताही नसतो. ती बिचारी ठरवते उसाचा गळीत हंगाम कधी सुरू करायचा ते. पण माझा मुलगा एका साखर कारखान्यात पॅनमन आहे. एकदा बॉयलर पेटला की हंगाम आटोपेपर्यंत तो माझा नसतो, सुनेचाही नसतो, कारखान्याचा असतो. म्हणून समितीची तारीख वर्तमानपत्रात आली की मी भिंतीवरचे कॅलेंडर खाली काढते आणि उलटी मोजत जाते.

२०२२ साली हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू झाला. आमचा नाताळ गांधीजयंतीला झाला. २०२३ साली १ नोव्हेंबर निघाली. नाताळ ८ ऑक्टोबरला, ऐन पितृपंधरवड्यात. २०२४ साली हंगाम १५ नोव्हेंबरवर गेला आणि आम्ही वसुबारसेच्या आदल्या दिवशी प्रभूचा जन्म साजरा केला. २०२५ साली पुन्हा १ नोव्हेंबर, म्हणून ५ ऑक्टोबर. दसऱ्याचे सोने अजून देवळीत वाळत होते. एवढा फिरता सण दुसऱ्या कोणाच्या घरी असेल असे वाटत नाही.

आम्ही राहतो पारगावला. कोणत्या, असे लगेच विचाराल, आणि विचारणे भागच आहे. जुन्नर तालुक्यात एक पारगाव आहे, पारगाव तर्फे आळे. दौंडकडे भीमेकाठी आणखी एक आहे. माझी पत्रे या दोन्ही गावी हवापालट करून आलेली आहेत. आमचे पारगाव आंबेगाव तालुक्यातले, घोड नदीकडचे. भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आमच्याच शिवारात दत्तात्रयनगरला आहे. मुलगा मात्र इथे नाही, दूर दुसऱ्या जिल्ह्यात आहे. त्याच्या कारखान्याचे नाव घेत नाही. त्यांचे माझ्याशी काही वाकडे नाही.

आम्ही दोघेही मूळचे नगरकडचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आणि मास्तरीण. बदलीने इथे आलो आणि इथलेच झालो. आमच्या आळीत ख्रिस्ती घर आमचे एकच. पण ते जाणवावे असे कधी कोणी वागले नाही. गाव मला ‘बाई’ म्हणते, आणि सत्तरीला आलेले माझे विद्यार्थी नसले तरी पन्नाशीचे पुष्कळ आहेत.

पॅनमनचे काम ठाऊक नसेल तर सांगते. उसाचा रस आटवून दाट केला की तो मोठ्या बंद भांड्यात, हवा ओढून घेऊन, कमी आचेवर उकळतात. त्यातून साखरेचा दाणा धरतो. तो केव्हा धरला, किती मोठा झाला, हे काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन, उजेडात धरून बघायचे. माझा मुलगा बोटांनीच सांगतो. अशा माणसाला रजा मिळत नाही. तोडलेला ऊस वाट बघत नाही. पडून राहिला की वजन घटते आणि साखरही उतरते. म्हणून गाड्यांची रांग, गव्हाण, पॅन, सगळे रात्रंदिवस तीन पाळ्यांत चालू. नाताळ येतो तो याच धबडग्याच्या मध्यावर.

२०१४ साली तो नोकरीला लागला. तेव्हापासून सात नाताळ त्याच्यावाचून झाले. दरवेळी आमचे हे म्हणायचे, “येत्या वर्षी येईल.” पंचवीस तारखेला सकाळी दाढी करून, कोट घालून हे ओट्यावर बसायचे. वाट बघतो आहे असे कबूल करायचे नाहीत. एस.टी. येऊन गेली की वर्तमानपत्राचे पान उलटायचे. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हे गेले. त्या वेळी मात्र मुलाला रजा ताबडतोब मिळाली.

त्याच वर्षी डिसेंबरात मी म्हटले, तो येत नाही तर आपण जावे. करंज्यांचा डबा घेऊन कारखान्याच्या वसाहतीत जाऊन उतरले. साऱ्या हवेला मळीचा वास. बाहेर बीडकडून आलेल्या ऊसतोड मंडळींच्या कोप्या, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, चिमणीचा धूर. मुलाला रात्रपाळी होती. चोवीस तारखेची रात्र मी, सून आणि तीन वर्षांचा नातू अशी काढली. पहाटे तो आला. अंगावर साखरेची चिकट पूड. मी ताट वाढले, पहिली करंजी त्याच्या हातात दिली. त्याने अर्धी खाल्ली आणि उरलेली हातात धरूनच भिंतीला टेकून झोपी गेला. मी ती करंजी सोडवून घ्यायला गेले तर मूठ सुटेना. लहानपणी खुळखुळा धरून झोपायचा, तशीच. परतीच्या एस.टी.त मी ठरवून टाकले, नाताळ बॉयलरच्या आधी.

ठरवले खरे, पण घरादाराने असे काही थंड तोंड केले की पुसू नका. पुण्याची लेक म्हणाली, “आई, ऑक्टोबरात प्लम केक मागितला तर बेकरीवाला मला वेड्यात काढील.” नगरचे भाऊजी म्हणाले, “वर्षाला दोन नाताळ करायला आपण काय सावकार लागून गेलो?” एका पंचांनी निरोप धाडला की असले पायंडे मंडळीत बरे नव्हेत. पाळकसाहेब तेवढे हसले. “बाई, निदान आगमनकाळ तरी लागू द्या,” म्हणाले. आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार, वाट पाहण्याचे. मी म्हटले, “साहेब, वाट आमच्या घराने सात वर्षे पाहिली आहे. ते रविवार मोजून घ्या.” ते काही बोलले नाहीत. पुढे दोनदा येऊन जेवून मात्र गेले.

सगळ्यांत नाराज होता तो ज्याच्यासाठी हे चालले होते तोच. फोनवर म्हणाला, “माझ्यासाठी कशाला एवढं, आई?” मी म्हटले, “तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. तू नुसता ये.”

मास्तरकीची खोड जात नाही. आक्षेप आला की मी पुस्तक उघडते. बायबलात प्रभूच्या जन्माची तारीखच नाही. पंचवीस डिसेंबरचा सर्वांत जुना दाखला रोमचा, इसवी सन ३३६ चा. आर्मेनियाची मंडळी आजही ६ जानेवारीला जन्म साजरा करतात, रशियातले आणि इथिओपियातले ख्रिस्ती ७ जानेवारीला. सगळ्यांत गंमत आमच्या घराण्याची. आमचे पणजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या हातून ख्रिस्ती झाले. ते मिशन बोस्टनच्या मंडळाचे. १८१३ साली मुंबईस आले आणि १८३१ साली नगरला. त्याच बोस्टन मुलखात १६५९ साली कायदा झाला होता, की नाताळ पाळताना जो सापडेल त्याला पाच शिलिंग दंड! तो १६८१ पर्यंत टिकला. ज्यांचे पूर्वज नाताळ केला म्हणून दंड वसूल करीत, त्यांच्याकडून आम्ही धर्म घेतला. आता तारीख थोडी अलीकडे ओढली तर पंचांनी एवढे मनावर घेऊ नये.

शिवाय लूकच्या शुभवर्तमानात मेंढपाळ रात्रीचे उघड्या रानात कळप राखीत होते. आमच्याकडे पावसाळा सरला की शेतात धनगरांची मेंढरे बसतात. मी त्या वाड्याकडे बघते आणि म्हणते, गोष्टीला ऑक्टोबरच शोभतो. (हा पुरावा पंचांपुढे मांडण्याचा नाही, हे मलाही समजते.) आणि त्या कोप्यांतली माणसे? २०२३ साली हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला आणि लक्ष्मीपूजन १२ ला आले. कितीतरी बायांनी ते पाचटाच्या खोपटात केले. ती दिवाळी नव्हे, असे त्यांना कोणी सांगितल्याचे ऐकिवात नाही.

सामानाची अडचण वाटली होती, ती दिवाळीनेच सोडवली. नाताळचा तारा ऑक्टोबरात मिळत नाही; पण मंचरच्या बाजारात चांदणीचे आकाशकंदील टांगलेले असतात. तीच कामटी, तोच कागद. आणि आम्हा नगरकडच्या ख्रिस्ती घरांचा फराळ तरी वेगळा कुठे आहे? करंज्या, शंकरपाळे, चकल्या, अनारसे. केक मागाहून आला. तो मी रव्याचा करते, वाळूवर पातेले ठेवून. बेकरीवाल्याची मिनतवारी नको.

गाण्याचे मात्र बदलावे लागले. नाताळची गाणी रात्री दारोदार म्हणायची आमची रीत. पण ऑक्टोबरात ऊस डोक्यावरून गेलेला असतो, आणि त्यात बिबट्या असतो. जुन्नर-आंबेगावात ही कहाणी नव्हे, रोजचा हिशेब आहे. दिवे लागले की कोणी पोराला अंगणात सोडत नाही. म्हणून आमची गाणी दुपारी चारला, दार उघडे टाकून. ‘उपासना संगीत’ घेऊन बसायचे, नारायण वामन टिळकांची भजने टाळावर म्हणायची. पहिल्या वर्षी आम्ही पाच माणसे होतो आणि टाळ एकच. शेजारच्या मामी दारातून ऐकत होत्या. आत आल्या, म्हणाल्या, “चाल तर आमच्या अभंगाची दिसते,” आणि भिंतीला टेकून बसल्या. पितृपंधरवड्यातल्या नाताळाला त्या गोडाला शिवल्या नाहीत, पण टाळ धरायला आल्या.

मुलगा पहिल्या वर्षी पाहुण्यासारखा वावरला. दुसऱ्या वर्षी शिडी लावून तारा त्यानेच टांगला. पाक करायला घेतला की तो मला चुलीपाशी उभे राहू देत नाही, थेंब दोन बोटांत धरतो, तार बघतो आणि म्हणतो, “आणखी अर्धा मिनिट.” त्या अनारशांना नाव ठेवायला जागा नसते. गेल्या वर्षी त्याने ह्यांचा कोट मागून घेतला. खांद्यात थोडा घट्ट होतो. तसाच घालून तो ओट्यावर बसला होता आणि नातू त्याला विचारीत होता, खरा नाताळ कुठला, हा की शाळेतला?

खऱ्या पंचवीस तारखेला मी एस.टी.ने नगरला उपासनेला जाते आणि संध्याकाळच्या आत परतते. रात्री फोन येतो. मागे यंत्रांची घरघर असते, ओरडून बोलावे लागते. दाणा चांगला धरला आहे, असे तो सांगतो, आणि पाळी आहे म्हणून ठेवून देतो.

हे लिहिते आहे तेव्हा यंदाच्या समितीची बैठक व्हायची आहे. पुण्याच्या लेकीने परवा आपणहून विचारले, रजा कधीची टाकू? भाऊजींचे अजून काही आलेले नाही, आणि पंच तर कालच्यासारखेच आहेत. सकाळी मामी कुंपणाशी आल्या. म्हणाल्या, “बाई, तुमच्या नाताळाची तारीख लागली की सांगा. चकलीची भाजणी दोन्ही घरची एकदमच दळून आणते.”