मुक्कामाची जागा शांत हवी

जुईनगरला राहणाऱ्या माणसाला आवाजाची सवय असते. एकीकडे लोकल, दुसरीकडे सायन-पनवेल महामार्ग, पलीकडे एम.आय.डी.सी. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा डोळा लावतो तेव्हा शेजारी मिक्सर चालू असतो. दहावीचा मुलगा रात्री पुस्तक उघडतो तेव्हा खाली मंडपात स्पीकर चालू असतो. म्हणूनच आमच्या वस्तीतील महिलांनी ठरविले की, वर्षातून एक रात्र तरी शांत ठिकाणी काढायची. वर्गणीचा हिशेब ठेवायला म्हणून मीही बरोबर गेलो.

पहिल्या वर्षी आम्ही फसलो. एका धरणाच्या काठावर तंबूत मुक्काम होता. जाहिरातीत निसर्ग, चांदणे, शांतता सगळे होते. प्रत्यक्षात तंबूला तंबू लागलेले आणि मध्ये मोठा स्पीकर. रात्री साडेबारा वाजता मी हात जोडून विनंती केली, तर उत्तर मिळाले, "आम्हीपण पैसे भरूनच आलोय." सकाळी आमच्या एक मावशी म्हणाल्या, "भाऊ, यापेक्षा घरी बरं होतं. तिथं निदान फुकट तरी होतं."

वास्तविक २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक वाजविण्यास मनाई आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात जोशुआ ट्री नावाचे वाळवंटी राष्ट्रीय उद्यान आहे. तेथेही लोक तंबू ठोकून राहतात आणि तेथेही शांततेची वेळ हीच, रात्री १० ते सकाळी ६. जनरेटरसुद्धा ठरलेल्या तासांतच चालवावा लागतो. म्हणजे निर्मनुष्य वाळवंटातदेखील शांतता आपोआप मिळत नाही; ती माणसांनी पाळावी लागते.

मग जागा निवडायची कशी? वाचकहो, याचे उत्तर आपल्याच घरात आहे. विनयपिटकातील महावग्गात कथा आहे. भगवान बुद्धांच्या निवासासाठी जागा शोधताना राजा बिंबिसाराने विचार केला : जागा गावापासून फार दूर नको, फार जवळही नको, जायला-यायला सोयीची असावी, दिवसा गर्दी नसावी, रात्री आवाज नसावा. या कसोटीला राजगृहाचे वेळुवन उतरले आणि ते त्याने संघाला दान केले. आजही तंबूचे पैसे भरण्यापूर्वी हीच कसोटी लावावी.

दुसऱ्या वर्षी आम्ही मुक्कामाचा हट्ट सोडला आणि एका दिवसाकरिता कान्हेरीला गेलो. जुईनगरहून हार्बरने कुर्ला, तेथून दादर, मग पश्चिम रेल्वेने बोरिवली. पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे आणि फाटकापासून आत सुमारे सहा किलोमीटरवर लेणी आहेत. सोमवारी बंद असते, हे लक्षात ठेवावे. रविवारी, त्यातून पावसाळ्यात, फार गर्दी होते. म्हणून आम्ही आठवड्यातला दिवस निवडून लवकर पोहोचलो.

काळ्या पाषाणाचा हा डोंगर पावसाळा सरला की कोरडा पडतो. तरी इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास सुरुवात होऊन सुमारे हजार वर्षे येथे भिक्खूंची वस्ती होती. शंभराहून अधिक लेणी आहेत. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी खडकात कोरलेल्या पन्हळींतून पोढ्यांमध्ये म्हणजे टाक्यांत साठवले जाई. आत झोपायला दगडी ओटा, पुढे ओसरी. सोपारा आणि कल्याण ही बंदरे पायी जाण्याच्या अंतरावर, पण त्यांचा गलबला येथे पोहोचत नसे. शिलालेखांवरून कळते की, कल्याणच्या एका सोनाराने येथे पोढी दान केली, एका लोहाराने वाट करून दिली. शांततेची ही जागा राजांच्या जोडीला हातावर पोट असणाऱ्यांनीही उभी केली आहे.

तिसऱ्या लेण्यातील चैत्यगृहात सारे शिरलो आणि आमच्यातल्याच एका मुलाने मोबाईलवर भीमगीत लावले. मला बोलायला सुचेना. गाणे आपले, मुलगा आपला. तेव्हा आमच्या आजी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बाळा, गाणं चांगलं आहे. पण इथं दुसरं कुणी बसायला आलं असेल. आपल्याला रात्री त्या तंबूत कसं झालं होतं?" मुलाने मुकाट्याने मोबाईल बंद केला. आम्ही दहा मिनिटे तसेच बसलो. नंतर एका लेण्याच्या ओसरीत, तीन घरची धुणीभांडी करणाऱ्या एक ताई भिंतीला टेकल्या आणि बसल्या बसल्या झोपी गेल्या. त्यांना कोणी उठविले नाही.

लेण्यांत आता मुक्काम करता येत नाही. संध्याकाळच्या आत बाहेर पडावे लागते. म्हणून रात्रीसाठी जागा ठरवताना आम्ही चार प्रश्न विचारून लिहून घेतो : दहानंतर स्पीकर बंद असतो का? दोन तंबूंत अंतर किती? पिण्याचे पाणी आणि बायकांसाठी उजेडातले संडास-न्हाणी आहे का? स्टेशनवरून शेवटचे वाहन किती वाजता? गुळमुळीत उत्तर आले तर आगाऊ रक्कम देत नाही. आणि पाचवा प्रश्न स्वतःला विचारतो : आपल्या सामानात स्पीकर तर नाही ना?

आपल्या मुलांना अभ्यासाला, आपल्या आयाबहिणींना घटकाभर टेकायला शांत जागा मिळालीच पाहिजे. ती मागायचा हक्क आपल्याला आहे. तसेच दुसऱ्याची शांतता सांभाळण्याची जबाबदारीही आपलीच आहे.