गवत बघ की!

सुट्टीत आलेल्या पाहुण्यांना सोलापुरात दाखवायचं काय, असं कोणी विचारलं की आम्ही सोलापूरकर जरा गडबडतो. सिद्धेश्वराचं देऊळ, भुईकोट किल्ला, चादरींची खरेदी... संपली यादी! मग घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, ‘नान्नजला जाऊन येऊ की.’

गड्ड्याच्या जत्रेला सगळे घरी जमलो होतो, तेव्हा आम्हीही असेच निघालो. गाडीत आई, अप्पा, ताई, तिचा आठ वर्षांचा आरव आणि ड्रायव्हिंगला मी. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. आरवच्या गळ्यात नवीकोरी दुर्बीण आणि हातात वही. वहीत पक्ष्यांची यादी, प्रत्येक नावापुढे टिक करायला चौकोन. पहिलंच नाव : माळढोक.

पहिला स्टॉप हिप्परगा. तुळजापूर रोडवरचा हा एकरूख तलाव, इंग्रजांच्या काळात १८७१ मध्ये बांधून झालेला. सकाळच्या धुक्यात पाण्याकाठी पट्टकदंब बसले होते. हे बदक-हंसांच्या कुळातले पाहुणे हिमालय ओलांडून येतात, असं सांगितल्यावर आरवचा प्रश्न, ‘मध्ये कुठे थांबत नाहीत?’ आणि आपण पुण्याहून चार तास गाडी चालवत आलो म्हणून आईकडून दोन दिवस लाड करून घेतो!

पक्ष्यांची मराठी नावं सांगायचं काम अप्पांचं. मारुती चितमपल्ली मूळचे सोलापूरचेच, त्यामुळे त्यांचा ‘पक्षिकोश’ आमच्या घरात पंचांगाच्या शेजारी असतो.

मग गावात परत येऊन बार्शी रोड धरला. वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज. इथल्या माळावर माळढोक असल्याचं १९७२ मध्ये बी. एस. कुलकर्णी यांनी जगासमोर आणलं आणि १९७९ मध्ये अभयारण्य झालं. अभयारण्य म्हटल्यावर आरवच्या डोळ्यांसमोर घनदाट जंगल. समोर मात्र गुडघाभर वाळलेलं गवत, क्षितिजापर्यंत. ‘इथे तर काहीच नाहीये, मामा!’

‘काहीच नाही कसं? गवत बघ की!’ इति अप्पा.

पाच मिनिटं सगळे गप्प बसलो आणि माळ हलायला लागला. आधी काळविटांचा कळप. काळाभोर नर मधोमध उभा. मग गवताला घासून जाईल इतक्या खालून उडणारा भोवत्या. पायाशी धाविक, चार पावलं पळून थबकणारा. टिटवीचा आरडाओरडा तर चालूच. चौकोन भराभर भरत गेले. पहिला सोडून.

अप्पांनी तो पाहिलाय. ऐंशीच्या दशकात, ल्युनावरून येऊन. ‘पंधरा किलोपर्यंतचा पक्षी. गावच्या पाटलासारखा चालायचा, कुणाची घाई नाही.’ आता देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरलेत, तेही बहुतेक राजस्थानात. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे उडताना समोरची वीजतार वेळेत दिसत नाही; आणि एवढं जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. जैसलमेरला २०१९ पासून बंदिस्त जागेत पिल्लं वाढवायचा प्रयत्न सुरू झालाय. पण सोडायचं झालं तर माळ कुठे शिल्लक आहे?

दोष द्यायचा तरी कुणाला? नान्नजची दुसरी ओळख द्राक्षांची. प्रसिद्ध ‘सोनाका’ द्राक्ष याच गावच्या नानासाहेब काळ्यांची देणगी. ज्या दुष्काळी भागात कुसळं उगवायची, तिथे पाणी आलं, बागा आल्या, घरं उभी राहिली. सरकारी कागदांत माळ म्हणजे ‘पडीक’. गवताचा सातबारा कोण काढणार? अभयारण्यही सुरुवातीला तब्बल साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं होतं, त्यात अख्खी गावं आणि शेतं आली. पुढे ते बाराशेच्या आसपास आणावं लागलं. आम्ही स्वतः परतताना दोन पेट्या द्राक्षं घेतलीच की!

झाडाखाली भाकरी मोडताना आरवने वही पुढे केली. ‘आजोबा, तुम्ही पाहिलाय ना? मग मी टिक करू?’

अप्पा हसले नाहीत. ‘माझी टिक झाली रे. हा चौकोन तुझा. राहू दे रिकामा.’

तुम्हाला जायचं असेल तर थंडीत जा, उजाडता उजाडता पोहोचा. वनखात्याची रीतसर परवानगी घ्या, गाडीतली गाणी बंद ठेवा, भडक कपडे नकोत. आणि मुलांना आधीच सांगून ठेवा : माळढोक बहुतेक दिसणार नाही. तो जिथे राहायचा ते घर मात्र अजून थोडं उरलंय. ते बघून या.