नसलेलें डोकें

लहानपणीं माझ्या हातून एक अन्याय घडला, आणि त्याला एक खेळणें कारण झालें.

१९८६ सालीं माझे मामा मालवाहू बोटीवर नोकरीला होते. त्या वर्षींच्या फेरींत त्यांनीं सिंगापूरहून आम्हां दोघां भावांसाठीं एक पांढरी-तांबडी रुग्णवाहिका आणली. खोक्यानें पेटींतली जागा फुकट जाते म्हणून तें त्यांनीं बोटीवरच टाकून दिलें होतें. वसईच्या आमच्या घराच्या ओटीवर बसून, गाडी माझ्या हातांत देत ते म्हणाले, "ही नुसती गाडी नाहीं. हिच्यांत माणूस आहे. शोधा."

आम्हीं शोधला. गाडी मधोमध ओढली, कीं तिचे दोन तुकडे होत. मागच्या तुकड्याची तोफगाडी होई. पुढचा तुकडा उभा राही आणि त्याला हातपाय फुटत. समोरची कांच ही त्याची छाती. मात्र छातीच्या वर, जेथें मान आणि डोकें असावें, तेथें कांहींच नव्हतें. कांचेमागें होती एक चिमुकली रिकामी खुर्ची. आजीनें त्या धडाकडे एकवार चष्म्यांतून पाहिलें आणि त्याचें नांव 'केतु' ठेवलें. केतूला डोकें नसतें एवढें ज्ञान त्या वयांत आम्हांस पुरेसें होतें. महिनाभर कोणाची कांहीं तक्रार नव्हती.

तक्रार आणली ती एका कॉमिकनें. वडिलांबरोबर मुंबईस गेलों असतां फोर्टांतल्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगांत मला एक अमेरिकन कॉमिक मिळालें, आणि पाहतों तों त्यांत आमचा केतु! छातीवर तीच कांच, रंगही तोच. पण येथें त्याचें नांव रॅचेट, पेशा वैद्याचा, आणि खांद्यांवर चांगलें ठसठशीत, बोलकें डोकें. घरीं येतांच मीं निकाल देऊन टाकला: डोकें होतें, आणि तें धाकट्यानें हरवलें. तो तेव्हां पांच वर्षांचा. प्रथम तो नाहीं म्हणाला, मग रडला, आणि मोठा भाऊ छापील पुरावा दाखवतो आहे म्हटल्यावर कबूलही झाला. आईनें दोन धपाटे घातले. पुढें दोन दिवस तें पोर मागच्या दारीं केळींच्या बुंध्यांतून डोकें शोधीत होतें.

खरा प्रकार मला कळावयास वीसपंचवीस वर्षें जावीं लागलीं. तें खेळणें मूळचें जपानचें. तेथील ताकारा कंपनीनें १९८० सालीं 'डायाक्लोन' नांवाची खेळण्यांची माला काढली. तींतले यंत्रमानव सजीव नव्हतेच मुळीं. तीं वाहनें होतीं, आणि तीं चालवावयास इंचभर उंचीचे, पायांत लोहचुंबक बसविलेले चालक असत. आमची रुग्णवाहिका ही निस्सानच्या व्हॅनेट गाडीची प्रतिकृति, आणि ती खुर्ची तिच्या चालकाची. चालक येऊन बसला कीं तोच त्या धडाचें डोकें. निराळें डोकें हवें कशाला? १९८४ सालीं अमेरिकेंतील हॅस्ब्रोनें हीं खेळणीं 'ट्रान्सफॉर्मर्स' या नांवानें आपल्या देशांत आणलीं, चालकांस रजा दिली, आणि मार्व्हल या कॉमिकें छापणाऱ्या मंडळीकडून त्यांस एक गोष्ट लिहवून घेतली. बॉब बुडियान्स्की या संपादकानें त्यांतल्या बहुतेकांचीं नांवें ठेवलीं, स्वभाव लिहिले. वाहनांचे परग्रहावरचे जीव झाले. जीव आला, खुर्ची मात्र तशीच राहिली.

या खेळण्यांचे शौकीन आजही कुरकुरतात, कीं जुनें खेळणें कार्टूनांतल्या पात्रासारखें दिसत नाहीं. मला ही कुरकुर उलटी वाटते. पाठभेदांचा विचार करणारा मनुष्य आधीं जुनी प्रत कोणती तें पाहतो. आणि येथें जुनी प्रत म्हणजे खेळणें. पाठ बदलला तो चित्रकारांनीं, आणि तोही गरजेपोटीं. कार्टूनासाठीं हजारों चित्रें हातानें काढावयाचीं. खेळण्यावरचे खिळे, खांचा आणि पट्टे कोण गिरवीत बसणार? शिवाय पात्रांनीं बोलावयाचें होतें, आणि बोलावयास तोंड लागतें. शोहेई कोहारा या जपानी चित्रकारानें खेळण्यांवरून जे सुटसुटीत नमुने तयार केले, त्यांत पुष्कळांस माणसाचा चेहरा मिळाला. बंबलबी हें पिवळ्या फोक्सवॅगनचें खेळणें घ्या: खेळण्याला यंत्राचा मुखवटा, कार्टूनांत तेथें हंसऱ्या पोराचें तोंड. आमच्या केतूला तर अख्खें डोकेंच मिळालें.

आकारांचा घोळही असाच. ताकाराची दुसरी एक माला होती, १९८३ची 'मायक्रोचेंज'. तिच्यांत पिस्तूल, टेपरेकॉर्डर, कॅसेट अशा घरांतल्या वस्तु मूळ मापाच्याच असत. अमेरिकेंत दोन्ही माला एका गोष्टींत कोंबल्या. म्हणून कार्टूनांतला राक्षसाएवढा मेगाट्रॉन पिस्तूल होतांना अणिमा सिद्धि साधल्याप्रमाणें लहान होऊन आपल्याच सरदाराच्या मुठींत मावतो. खेळण्याला कसली आली सिद्धि? ऑप्टिमस प्राइम उभा राहिला, कीं त्याच्या ट्रकची भलीमोठी मागची पेटी कार्टूनांत कोठें गडप होते तें विचारूं नये. खेळण्यांत ती चटईवर तुमच्या गुडघ्यापाशीं पडलेली असते, आणि त्याच्या सुट्या मुठी तुम्हांलाच शोधून बसवाव्या लागतात.

केतूपुरतें बोलावयाचें, तर माझें मत कॉमिकला आहे. १९८५च्या अंकांत सगळे सोबती निकामी होऊन पडले आहेत, आणि एका आजारी माणसाला घेऊन इस्पितळांत गेल्यामुळें हा वैद्य तेवढा वांचला आहे. लढणें हें त्याचें काम नव्हे हें त्याला ठाऊक आहे. तरी मेगाट्रॉनसमोर जावयास दुसरें कोणी उरलेलेंच नाहीं. कार्टूनांत तो बहुधा मागच्या बाजूस दुरुस्त्या करतांना दिसतो, आणि १९८६च्या चित्रपटांत आरंभींच कांहीं क्षणांत मारला जातो. त्या वर्षीं दुकानांत नवीं खेळणीं यावयाचीं होतीं, तेव्हां जुन्यांनीं जागा करून देणें प्राप्त होतें. हा हिशेब कळल्यावर त्या मरणाचें दुःख वाटण्याऐवजीं रागच येतो.

पण खेळण्यांत जें आहे तें दोन्हींकडे नाहीं. कार्टूनांतलें रूपांतर एका आवाजासरशीं उरकतें. हातांत सांधे करकरतात, बोटाला चिमटा बसतो, आणि मध्येंच एक वेळ अशी येते, कीं हातांतली वस्तु धड गाडीही नसते, धड माणूसही नसते. त्या वेळीं कोणी जेवावयास हांक मारली तर ती तशीच जमिनीवर ठेवून जावें लागे.

गेल्या दिवाळींत भाऊ घरीं आला, तेव्हां मीं माळ्यावरून केतूला काढलें आणि ही सगळी हकीकत त्याला सांगितली. सुमारें चाळीस वर्षांनीं मागितलेली क्षमा ती. मीं ती मनांत बरेच दिवस घोळवून ठेवली होती. त्यानें सगळें ऐकून घेतलें. त्या खुर्चींत करंगळी घालून पाहिली. मग केतूला हळूच खालीं ठेवीत म्हणाला, "दादा, तूं म्हणतोस तसं असेल. पण डोकं होतं रे. विहिरीच्या कठड्यावर ठेवलं होतं मी. आंत पडलं तेव्हां आवाज झाला, तो मला अजून आठवतो."