‘प्राण’ आणि अदृश्य वर्ण

सेवाग्रामात राहून मराठी शिकवताना लिपिसुधारणेचा विषय टाळता येत नाही. येथून जवळच, वर्ध्यात, १९३६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या पुस्तकांत ‘अ’ची बाराखडी छापली जात असे: इ, ई, उ यांच्याऐवजी अि, अी, अु. काका कालेलकर तिचे पुरस्कर्ते. मुद्रणाचे खिळे आणि टंकयंत्राच्या कळा मोजक्या, तेव्हा लिपीनेच थोडे आवरते घ्यावे, हा त्यामागचा एक युक्तिवाद. तो मला कधी पटला नाही. २०१८ सालच्या एका घटनेनंतर तर मुळीच नाही.

त्या फेब्रुवारीत ॲपलच्या फोनवर तेलुगूतले ‘ज्ञा’ एका विशिष्ट रीतीने लिहून पाठवले, की संदेश दाखवणारे ॲपच कोसळे. बोभाटा तेलुगूचा झाला. मनीष गोरेगावकर यांनी मात्र त्या अक्षराची शब्दशः फोड केली आणि बंगाली व देवनागरीतही हेच घडते, असे दाखवले. देवनागरीतला क्रम असा: ‘र’खेरीज एखादे व्यंजन, हलन्त, र, जोड तोडणारा एक अदृश्य वर्ण, मग स्वरचिन्ह. ‘प्राण’ घ्या. त्यातल्या र आणि काना यांच्यामध्ये तो वर्ण घातला की काम झाले!

हा वर्ण परका नव्हे. ‘वाङ्‌मय’ लिहिताना ‘ङ’चा पाय मोडलेला दिसावा म्हणून आपण तोच योजतो, पण हलन्तानंतर. स्वरचिन्हाआधी तो सहसा कोणी ठेवत नाही. आणि कोणी ठेवणारच नाही असे गृहीत धरणे, हीच खरी चूक. आपल्या लिपीत उच्चाराचा क्रम आणि दिसण्याचा क्रम एक नसतो. ‘कि’तली वेलांटी मागून उच्चारली जाते, दिसते आधी, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. ही उलथापालथ कार्यप्रणालीतला अक्षरजुळणीचा भाग करतो. अनपेक्षित क्रम समोर येताच तो थांबला नाही, स्वतःचीच स्मृती बिघडवून बसला. असा मजकूर कोणीही अनोळखी माणूस धाडू शकतो, हे विशेष. १९ फेब्रुवारीच्या दुरुस्तीसोबत ॲपलने नोंदवले ते एवढेच, की आलेल्या मजकुराची तपासणी सुधारली आहे.

खिळ्यांची मर्यादा वर्ध्याच्या सुधारकांना खरोखरच होती. संगणकाला ती सबब नाही. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतला भेद शिकवताना मी आता दोन्ही शब्दांचे वर्ण यंत्राकडे कोणत्या क्रमाने जातात, तेही फळ्यावर मांडतो.